पिकअप, टॉप स्पीड आणि आजीची दोन मिनिटं

मुंबईची भुयारी मेट्रो आणि हिंगोलीची पॅसेंजर. दोन्हीकडे प्रश्न एकच : गाडी ‘फास्ट’ आहे म्हणजे नेमकं काय?

मेट्रोत हात न धरता उभं राहायचा खेळ तुम्ही कधी खेळलायत? आम्ही खेळतो. बीकेसीला अॅक्वा लाइनमध्ये चढायचं, दारापासून जरा लांब पाय फाकवून उभं राहायचं आणि धारावी येईपर्यंत खांबाला हात लावायचा नाही. जो लावेल त्याने कॉफी पाजायची. आतापर्यंत सगळ्यात जास्त कॉफ्या मीच पाजल्यात. कारण गाडी निघताना जो एक गोड धक्का बसतो ना, तिथेच माझा तोल जातो. एकदा गाडीने वेग घेतला की मी आरामात उभी असते, अगदी मोबाइलवर मेसेज टाइप करत.

आमच्या ग्रुपमध्ये एक टोटल रेल्वेवेडा मित्र आहे. गाडीचा आवाज ऐकून ती कुठल्या बनावटीची हे सांगणारा. त्याने मला हा फंडा समजावला. ‘‘तू पडतेस ती वेगामुळे नाही, वेगातल्या बदलामुळे. ताशी ऐंशीने जाणाऱ्या गाडीत तुला काही कळत नाही. शून्यावरून ऐंशीवर जाताना मात्र सगळं कळतं. शाळेत त्वरण शिकलीस ना? तेच ते. बाइकवाले त्याला पिकअप म्हणतात.’’

बॉस, शाळेत त्वरणाचे मार्क मी कसे मिळवले ते माझं मलाच माहीत. पण कॉफी पिता पिता त्याने टिश्यूपेपरवर जे गणित मांडलं, ते डोक्यातून जाईना. आणि तेच गणित दोन आठवड्यांनी मला थेट हिंगोलीच्या प्लॅटफॉर्मवर भेटणार होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

टिश्यूपेपरवरचं गणित

समजा, दोन स्टेशनांमध्ये १२०० मीटर अंतर आहे. अॅक्वा लाइन साधारण ३३.५ किलोमीटरची आणि तिच्यावर स्टेशनं २७, म्हणजे सरासरी अंतर एवढ्याच्याच आसपास येतं. आता एक जुनी, सुस्त गाडी घ्या. निघाल्यावर दर सेकंदाला तिचा वेग ताशी दीड किलोमीटरने वाढतो. टॉप स्पीड ताशी ८०. ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला ताशी तीनने वेग उतरतो. ही गाडी पुढच्या स्टेशनात पोचायला सुमारे ९४ सेकंद घेते.

आता तिला सुधारायचंय. पहिला उपाय जाहिरातवाल्यांच्या आवडीचा : टॉप स्पीड ८० वरून १०० करा. किती वाचले? एक सेकंद! कारण शंभर गाठायच्या आतच पुढचं स्टेशन येतं आणि ब्रेक लावावा लागतो. दुसरा उपाय : टॉप स्पीड ८० च ठेवा, पण पिकअप दुप्पट करा. दर सेकंदाला ताशी तीन, आजकालच्या मेट्रो गाड्यांचा असतो साधारण तेवढा. आता वेळ लागतो ८१ सेकंद. वाचले तेरा. वीस स्टेशनांचा प्रवास असेल, तर पहिल्या उपायाने वीस सेकंद वाचतात, दुसऱ्याने सव्वाचार मिनिटं.

म्हणजे शहरात जिंकतो तो पिकअप. टॉप स्पीड फक्त पोस्टरवर शोभतो.

मुंबईकरांनी हा बदल अंगावर अनुभवलाय. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढची कित्येक दशकं लोकल डीसीवरच होत्या. त्या जुन्या गाड्या आठवतायत? निघताना एक गचका, थांबून दुसरा गचका, मग तिसरा. मोटारीला वीज टप्प्याटप्प्याने मिळायची, त्याचे ते गचके. मग २००७ च्या अखेरीस जांभळ्या-पांढऱ्या नव्या लोकल आल्या. गचके गेले आणि त्यांच्या जागी तो ‘ऊंऽऽऽ’ असा चढत जाणारा सूर आला. टॉप स्पीड ताशी शंभर, सुरुवातीचा पिकअप दर सेकंदाला ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. २०१६ पर्यंत मुंबईतला डीसीचा जमानाच संपला. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट एसी आलं.

मी टिश्यूपेपर घडी घालून पर्समध्ये ठेवला. वाटलं, सॉलिड स्टोरी आहे. ‘जुनी लोकल विरुद्ध नवी मेट्रो’, दोन पानं, चार फोटो, काम फत्ते. तेवढ्यात आईचा फोन आला.

‘थांबती किती?’

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. ऑपरेशन हिंगोलीला, नांदेडला, कुठेही होईल हो. पण त्यानंतर महिनाभर वेळेवर थेंब घालायला, डोळे चोळू न द्यायला आणि ‘चुलीपुढे जाऊ नकोस’ म्हणून ओरडायला माणूस पाहिजे. ते माणूस म्हणजे आई, आणि आईची नोकरी मुंबईत. तेव्हा आजीने मुंबईला यायचं, असं ठरलं. आजी सोडून सगळ्यांनी ठरवलं.

‘‘तूच जा तिला आणायला. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ती,’’ आई म्हणाली.

मी आजीला फोन लावला. वंदे भारत, एसी, मऊ खुर्च्या, आपोआप उघडणारी दारं, सगळं सांगितलं. शून्यावरून शंभरचा वेग ५२ सेकंदांत घेते असं सांगितलं जातं, तेही सांगितलं. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते सगळं खरं माय. पण थांबती किती?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘ठेसनावर थांबती किती वेळ?’’

‘‘दोन मिनिटं... असेल.’’

‘‘मग मी नाही येत.’’

यामागे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आजी मामाकडे निघाली होती. गाडी कुठली, स्टेशन कुठलं ते राहू दे. डबा नेमका कुठे येतो ते कळलं नाही, म्हणून अर्धा प्लॅटफॉर्म चालावं लागलं. एक पाय पायरीवर, एक खाली, हातात पिशवी, आणि गाडी हलली. कुणीतरी आतून ओढून घेतलं. गुडघा सोलवटला, पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू रुळांवर गेले. आजी त्यावर फार बोलत नाही. पण त्यानंतर ती रेल्वेत बसलेली नाही. आणि सहाशे किलोमीटर एसटीत बसायचं तिचं वय राहिलेलं नाही.

वंदे भारत ते परभणी

हिंगोलीला जायला मी आधी वंदे भारतच पकडली. म्हटलं, स्टोरीपण होईल. ३० डिसेंबर २०२३ ला ही गाडी जालना ते मुंबई सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली. ती हिंगोलीला जात नाही. तेव्हा परभणीला उतरून मावशीकडे मुक्काम, सकाळी पुढे, असा प्लॅन.

आता थोडी तुलना करू. शंभराचा वेग ५२ सेकंदांत, म्हणजे दर सेकंदाला ताशी दोनला थोडा कमी. ओळखीचा आकडा वाटतो ना? आपल्या २००७ च्या लोकलच्या सुरुवातीच्या पिकअपएवढाच! यात वंदे भारतचा अपमान काही नाही. उलट, लांब पल्ल्याच्या गाडीला लोकलचा पिकअप मिळाला हीच खरी बातमी आहे. कारण एरवीच्या एक्सप्रेसमध्ये पुढे एक इंजिन असतं आणि ते एकटं सगळे डबे ओढतं. इंजिन कितीही दणकट असलं तरी जोर लावणारी चाकं फक्त त्याचीच. जास्त जोर लावला तर चाकं रुळावर घसरणार. वंदे भारतच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. लोकलमध्ये आणि मेट्रोतही हाच फंडा : एका बैलाने ओढण्यापेक्षा अनेकांनी मिळून ढकलायचं.

तरीपण एक गंमत बघा. या गाडीची बांधणी ताशी १६० च्या वर जायची. मुंबई ते नांदेड अंतर सुमारे ६१० किलोमीटर, वेळ साडेनऊ तासांच्या आसपास. भागाकार करा. सरासरी ताशी ६५! घाट, वळणं, थांबे, एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघणं, या सगळ्यांनी मिळून त्या १६० ला ६५ वर आणून ठेवलंय. टॉप स्पीड गाडीचा असतो, सरासरी मात्र रस्त्याची असते.

छत्रपती संभाजीनगरच्या पुढे बाहेर अंधार झाला. काचेत मला माझाच चेहरा दिसत होता. खुर्ची मऊ होती, चहा गरम होता. पण परभणी जवळ आली तशी दाराशी एक काकू आल्या. हातात दोन बॅगा, कडेवर लेकरू. स्टेशन यायला पंधरा मिनिटं होती. ‘‘बसा ना काकू, वेळ आहे अजून,’’ मी म्हटलं.

‘‘नको बाई. दार बंद झालं म्हणजे?’’

माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली.

छोट्या गाडीचा मोठा रस्ता

सकाळी पूर्णा जंक्शनवरून पॅसेंजर घेतली. पूर्णा ते अकोला हा २०९ किलोमीटरचा मार्ग, आणि हिंगोली त्यावर ऐंशीएक किलोमीटरवर. एकेरी लाइन. दोन्हीकडे हळद, सोयाबीन, तूर. वसमतला हळदीचा वास डब्यात घुसतो असं मी दरवेळी लोकांना सांगते आणि दरवेळी कुणी विश्वास ठेवत नाही. पण २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे आता माझ्या बाजूने सरकारी कागद आहे!

इथल्या रुळांची गोष्ट भारी आहे. हिंगोलीपर्यंत रेल्वे आली ती निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. मीटरगेज. म्हणजे दोन रुळांत अंतर एक मीटर. आपण एरवी बघतो त्या ब्रॉडगेजला १६७६ मिलिमीटर. पुढे १९६० च्या सुमारास हा फाटा खांडव्यापर्यंत जोडला गेला आणि हिंगोली एकदम राजस्थान ते दक्षिण या मीटरगेज हमरस्त्यावर आली. जयपूर ते काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस इथून जायची. स्टेशनच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं नाव आहे. लहानपणी मला ते एखाद्या सिनेमाच्या टायटलसारखं वाटायचं.

२००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. अलीकडे वरती विजेच्या ताराही आल्या. वाफेचं इंजिन, डिझेलचं इंजिन, विजेचं इंजिन : आजीने एकाच प्लॅटफॉर्मवर तिन्ही बघितलीत.

मी पुन्हा टिश्यूपेपर काढला. इथे स्टेशनं आठ-दहा किलोमीटरवर. समजा अंतर नऊ, टॉप स्पीड शंभर. सुस्त गाडी आणि चांगल्या पिकअपची गाडी यांत दर स्टेशनामागे सतराएक सेकंदांचा फरक पडतो. दहा थांब्यांना पावणेतीन मिनिटं. वाईट नाही. पण बोल्ड्याच्या अलीकडे आमची पॅसेंजर थांबली आणि थांबूनच राहिली. ‘‘क्रॉसिंग हाय,’’ समोरचे आजोबा म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. मला अर्धी भाकरी दिली. अर्धी संपली, मग पाव अजून घेतली, आणि तेव्हा कुठे समोरून एक्सप्रेस धडधडत गेली. पिकअपने कमावलेली सगळी मिनिटं एका क्रॉसिंगमध्ये गेली, भाकरीसकट.

मी आजोबांना म्हटलं, ‘‘आता गाड्या पूर्वीपेक्षा फास्ट झाल्यात ना?’’

‘‘झाल्या की. पहिली गाडी कशी होती सांगू का? निघाली तरी निघाल्यासारखी वाटत नव्हती. माणूस पानटपरीवरून हात करायचा आन् चढायचा.’’

आणि इथे माझी ट्यूब पेटली.

बारा सेकंदांची माया

मीटरगेजची ती लहान गाडी निघताना, ढोबळमानाने, दर सेकंदाला ताशी अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी वेग घेत असेल. माणसाची चाल ताशी पाच. म्हणजे गाडी हलल्यावर ती माणसाच्या चालीएवढ्या वेगाला यायला बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात आतला माणूस हात देतो, पिशवी आत जाते, लेकरू आत जातं, माणूस आत जातं. चालत्या गाडीत चढणं तेव्हाही धोक्याचंच होतं, आजही आहे. प्लीज, कुणी ट्राय करू नका. पण चूक सुधारायला तेवढी जागा होती.

आता दर सेकंदाला ताशी दोनचा पिकअप घ्या. गाडी हलल्यापासून अडीच सेकंदांत ती माणसाच्या चालीला मागे टाकते. अडीच सेकंद! आजीला ‘अगं बाई’ म्हणायलाच तेवढा वेळ लागतो.

बीकेसीच्या प्लॅटफॉर्मवर जो पिकअप माझी सव्वाचार मिनिटं वाचवतो, तोच इथे आजीचे दहा सेकंद काढून घेतो. मेट्रोत त्याला उत्तर आहे. दर काही मिनिटांनी पुढची गाडी असते, प्लॅटफॉर्म आणि डब्याची उंची एक असते, काचेची दारं असतात. गाडी चुकली तर चुकली, कोण रडतंय? आजीची गाडी चुकली तर ती उद्या.

म्हणून आजी कधीच विचारत नाही की गाडी पळते किती. ती विचारते, थांबती किती. पिकअप आणि टॉप स्पीड यांच्या भानगडीत हा तिसरा आकडा आम्ही टिश्यूपेपरवर लिहिलाच नव्हता.

जिथे काहीच हलू नये

हिंगोलीत पोचले तेव्हा आजी अंगणात तूर पाखडत होती, अर्ध्या दिसणाऱ्या डोळ्यांनी. मला बघून, खरं तर आवाज ऐकून, म्हणाली, ‘‘आलीस का? जेवून घे. मी नाही येणार.’’

फुल स्टॉप. दुपारी वाद नको, म्हणून शेजारच्या दादाच्या बाइकवर औंढा नागनाथला गेले. ज्योतिर्लिंगाचं देऊळ, हेमाडपंती दगड, भर उन्हात गार पायऱ्या. जिल्ह्यात दुसरं मोठं ठिकाण नर्सी, संत नामदेवांचं गाव. बाकी हिंगोली नवी आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी झाली. वीकेंड डेस्टिनेशनच्या कुठल्याच यादीत तुम्हाला ती सापडणार नाही.

पण जगातल्या शास्त्रज्ञांच्या यादीत ती आहे. औंढा तालुक्यातल्या दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहतेय. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींना मान्यता. इंग्रजी एल आकाराच्या, चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्या, त्यांत लेझरचे किरण. अंतराळात कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरून आदळली, की अवकाशाला जो बारीकसा हेलकावा बसतो, तो पकडायचं हे यंत्र. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी तो १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा पकडला. त्या हेलकाव्याने चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत जो फरक पडतो, तो अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान असतो.

दादाने रस्त्यावरूनच लांबून माळ दाखवला. ‘‘हे इथंच का केलं सांगू का ताई? हितं कायच हलत नाही.’’

तो हसला, पण खरंच एक कारण तेच आहे. जमीन शांत पाहिजे. वाहतूक, कारखाने, रेल्वे यांची थरथर जितकी दूर तितकी चांगली. आणि रेल्वेवेड्या मित्राला फोनवर हे सांगितलं तर तो ओरडलाच, ‘‘अगं, तिथेही त्वरणच! नुसत्या सरळ एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूतून त्या लहरी निघत नाहीत. वेग बदलावा लागतो!’’

म्हणजे विश्वालासुद्धा टॉप स्पीडचं कौतुक नाही तर. परत येताना मी विचार करत होते. इतकी वर्षं ‘आमच्याकडे काहीच घडत नाही’ म्हणून ज्या गावाची लाज वाटायची, त्याची शांतता जगाला हवी आहे. आणि त्याच शांततेतून मी आजीला उचलून मुंबईला न्यायला आले होते.

ती थांबत नाही, ती निघते

रात्री जेवताना मी शेवटचा पत्ता टाकला. खरं तर तो पहिलाच टाकायला हवा होता. पण मुंबईत बसून वंदे भारतच्या ५२ सेकंदांपुढे मला तो दिसलाच नव्हता.

‘‘आजी, जनशताब्दीने जायचं का?’’

‘‘थांबती किती?’’

‘‘थांबत नाही.’’

आजीने घास खाली ठेवला.

‘‘अगं, ती इथूनच निघते. पूर्वी जालन्याहून सुटायची, मार्च २०२४ पासून हिंगोलीहून सुटते. म्हणजे सुटायच्या आधी उभीच असते गाडी. तू चढ, बस, उतर, परत चढ, पाणी पी. सुटायची वेळ झाली की मगच हलणार.’’

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आन् तिकडून येताना?’’

‘‘येताना हिंगोली शेवटचं स्टेशन. सगळ्यांनाच उतरायचंय. कोण घाई करतंय?’’

‘‘मंजे मी परत येणार?’’

आता कळलं. प्रश्न नुसता दोन मिनिटांचा नव्हताच. तिला वाटत होतं, आपल्याला एकदा गाडीत ओढून घेतलं की झालं, नेलं ते नेलंच. शेजारच्या दोघी तशाच गेल्या, एक पुण्याला, एक संभाजीनगरला. घरांना कुलपं आहेत.

‘‘दीड महिना आजी. परतीचं तिकीट आत्ताच काढते, तुझ्यासमोर,’’ मी फोन काढला. तिला स्क्रीन दिसत नव्हती. पण तारीख तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने गोल करवून घेतला.

अजून उजाडायचं होतं तेव्हा आम्ही स्टेशनवर पोचलो. रिक्षावाले मामा पिशव्या घेऊन पुढे. गाडी खरंच उभी होती, दिवे लावून, दारं उघडी, प्लॅटफॉर्मवर कुत्रं आणि चहावाला सोडून फारसं कुणी नाही. आजीने आधी डब्याला हात लावून बघितला, जशी गोठ्यातल्या म्हशीला लावते. मग पायरी चाचपली. एक पाय वर. थांबली. पदर सावरला. दांडा धरला. दुसरा पाय वर. आत गेली, खुर्ची हाताने बघितली, बसली, पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा उठली, पिशवी खाली ठेवली, बसली.

सवयीने मी स्टॉपवॉच लावलं होतं. चार मिनिटं, दहा सेकंद.

मग गाडी निघाली. पुढे एक इंजिन, मागे सगळे डबे. पिकअप म्हणाल तर काही खास नाही, मी हात न धरता उभी होते आणि तोल अजिबात गेला नाही. बाहेर काळोखात प्लॅटफॉर्मचे दिवे सावकाश मागे सरकत होते. आजीने विचारलं, ‘‘निघाली का गं?’’

‘‘केव्हाच!’’

‘‘कळलंच नाही,’’ आजी म्हणाली आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसली.

जायचंच असेल तर...

कसं जाल : मुंबईहून हिंगोलीला थेट जनशताब्दी. वंदे भारतने यायचं तर परभणी किंवा नांदेडला उतरून पुढे रेल्वे किंवा एसटी. निघण्याआधी वेळापत्रक बघाच.

काय बघाल : औंढा नागनाथचं देऊळ, नर्सी नामदेव, हळदीच्या हंगामात वसमतचा बाजार. लायगोचा माळ रस्त्यावरूनच बघा आणि हॉर्न जरा कमी वाजवा.

काय खाल : पॅसेंजरमध्ये समोरच्या माणसाने भाकरी देऊ केली तर नाही म्हणू नका. क्रॉसिंग लांबू शकतं.

सोबत काय न्याल : आजी असेल तर भरपूर वेळ. सामान त्यानंतर.